एफ मायनर लावला की गाणं बेसूर वाटतंय, मदत हवी आहे

कीबोर्ड_ठाणे
शनिवारी सोसायटीच्या कोजागिरीला आम्ही स्वतः बांधलेली चाल सादर करतोय. अंतरा संपवून मुखड्यावर येताना मी एफ, मग एफ मायनर, मग सी असे कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) वाजवतो. घरी एकटा वाजवतो तेव्हा अंगावर काटा येतो. तालमीत मात्र गायिका तिथेच थांबते, म्हणते, "माझा सूर सुटतोय." पुढे एका ठिकाणी जी सेव्हन फ्लॅट नाइन हा पाच सुरांचा कॉर्ड लावलाय, तिथे पेटीवाले काका मान हलवतात. मला दोन्ही जागा ठेवायच्याच आहेत. काय चुकतंय ते लवकर सांगा, दोनच तालमी उरल्यात.

पेटी_सातारा
पट्टी कुठली? एफ मायनर येतो त्या क्षणी गायिका कुठल्या सुरावर असते? एवढं कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

कीबोर्ड_ठाणे
पट्टी काळी एक, म्हणजे सी शार्प हा सा. चाल साधी आहे, सगळे शुद्ध स्वर.

गिटार_नाशिक
मग चूक इथेच आहे. काळी एकमध्ये एफ मायनर म्हणजे ग, प, नी. तुम्हाला मध्यमावरचा मायनर हवाय ना? तो काळी तीनचा, एफ शार्प मायनर.

कीबोर्ड_ठाणे
नाही हो, ट्रान्सपोज प्लस एक केलंय, म्हणजे कीबोर्ड अर्धा सूर वर वाजतो. बोटं सी मेजरमध्येच असतात, सी हाच सा. हे लिहायला हवं होतं.

रागवेडा
शुद्ध स्वरांच्या चालीत एफ मायनरमधला कोमल धैवत आणायचाच कशाला? कानाला खटकणारच. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली आणि ती बंदी 1971 पर्यंत राहिली, ती उगाच नाही. पेटीत मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत. त्यावर कॉर्ड म्हणजे आणखी गर्दी. तंबोरा लावा आणि गा.

गिटार_नाशिक
रागवेडा, प्रश्न पेटीबंदीचा नाही. आणि कोमल धैवत परका कसा? नटभैरव राग घ्या: ऋषभ शुद्ध, धैवत कोमल, बाकी सगळे शुद्ध. त्यात एफ मायनर बसतो (म, कोमल ध, सा) आणि जी सेव्हन फ्लॅट नाइनही बसतो (प, नी, रे, म, कोमल ध). ज्या सुरासाठी हे दोन्ही कॉर्ड लावायचे तो एकच आहे, कोमल धैवत.

रागवेडा
स्वर जुळले म्हणजे राग झाला का? नटभैरवात भैरव अंग (भैरव रागाची वळणं) लागतं, आंदोलित म्हणजे झुलता धैवत लागतो. चार सुरांचा ढीग म्हणजे राग नव्हे.

गिटार_नाशिक
राग झाला असं मी म्हटलेलंच नाही. हे स्वर आपल्या कानाला ओळखीचे आहेत, एवढंच.

नवा_सूर
चारुकेशी रागातही कोमल धैवत आहे, तो का नाही घेत?

गिटार_नाशिक
त्यात निषादही कोमल. एफ मायनर चालेल, पण जी सेव्हनला शुद्ध निषाद लागतो, तो मिळणार नाही.

मडगावकर
मुंबईच्या स्टुडिओंत असे कॉर्ड वाद्यवृंदासाठी कागदावर लिहून देणाऱ्यांत आमच्या गोव्याची माणसं मोठी होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत, शिकवत, वाद्यवृंद बांधत. 1958 मध्ये त्यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. ही परंपरा आपल्याकडे कुणी नीट लिहून ठेवायला हवी.

घरचा_स्टुडिओ
कीबोर्ड किती की चा आहे? 61 चा असेल तर बदला. 88 घेतलात की डावा हात मोकळा होतो.

पेटी_सातारा
कीबोर्ड बदलण्याची गरज नाही. माझा प्रश्न अजून तसाच आहे: एफ मायनरवर गायिका काय गाते?

कीबोर्ड_ठाणे
आत्ता गुणगुणून बघितलं. एफवर दोन मात्रा शुद्ध धैवत. एफ मायनर येतो तेव्हाही ती धैवतावरच असते, मग पंचमावर येते.

पेटी_सातारा
मग उत्तर तुम्हीच दिलंत. एफमध्ये शुद्ध धैवत आहे, म्हणून ती तिथे निवांत असते. एफ मायनर आला की तुमचं बोट कोमल धैवतावर आणि तिचा गळा शुद्ध धैवतावर. दोघांत अर्ध्या सुराचं अंतर, मग सूर सुटल्यासारखा वाटणारच. चूक तिची नाही. एफ मायनर एक मात्रा उशिरा लावा, ती पंचमावर आल्यावर. पंचम त्यावर छान बसतो, षड्जही बसतो.

आता जी सेव्हन फ्लॅट नाइन. उजव्या हातात काय घेता?

कीबोर्ड_ठाणे
जी, ए फ्लॅट, बी, डी, एफ. जवळजवळच.

पेटी_सातारा
पंचम आणि कोमल धैवत एकमेकांना चिकटून घेतलेत, त्यावर पेटीही तिथेच वाजतेय. काकांनी मान हलवली नसती तरच नवल. पंचम डाव्या हातात खाली ठेवा. उजव्यात फक्त नी, रे, म आणि सगळ्यात वर कोमल ध. सीवर येताना कोमल धैवत खाली पंचमावर येऊ द्या आणि निषाद वर षड्जावर. काकांना सांगा, त्या मात्रेला गायिकेचाच सूर धरा, भरणा नको.

कीबोर्ड_ठाणे
तालीम झाली. एफ मायनर एक मात्रा मागे घेतला, गायिका थांबली नाही. गाऊन झाल्यावर म्हणाली, "आता पंचम खोल वाटतो." दुसरी जागाही खुलली, पण काका अजून तिथे पंचम दाबतातच. त्यांना कसं सांगू? वयाने मोठे आहेत, शनिवारी दूधही त्यांच्याच घरून येणार आहे.

पेटी_सातारा
सांगू नका. त्यांच्या शेजारी बसून दोन्ही प्रकारे वाजवून दाखवा.