अनुभव धागा : पॉलिमर क्लेचा घट्टपणा आणि सैलपणा

पॉलिमर क्लेचे दागिने किंवा फ्रिजवर लावायची चुंबके करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी वळता न येणारी, नाहीतर बोटांना चिकटून बसणारी क्ले मिळालेली असते. पीव्हीसीचे सूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे तेलकट प्लास्टिसायझर आणि रंग यांचे हे मिश्रण असते. तिच्यात पाणी नसल्यामुळे ती शाडूसारखी हवेत वाळत नाही (ओव्हनमध्ये भाजल्यावरच ती पक्की होते) आणि पाण्याचा हात लावून मऊही होत नाही. आपण ती हाताला हवी तशी कशी करून घेता, कुठे फसलात आणि कशाने सावरलात, ते सविस्तर लिहावे.

सुरुवात मी करते. कपाटात दोन वर्षे राहिलेली पांढरी क्ले मी काढली, तेव्हा ती दाबताच तिचा भुगा होऊ लागला. मी सुरीने तिचे पातळ काप केले, ते पिशवीत घालून कोमट पाण्याच्या बाटलीखाली दहा मिनिटे ठेवले आणि मग थोडे थोडे घेऊन तिंबले. तरीही कडांना भेगा राहिल्या, तेव्हा क्ले सॉफ्टनरचा एकच थेंब टाकून ती झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी तीच क्ले न तुटता दुमडली गेली. थेंब मुरायला वेळ लागतो, हे ठाऊक नसल्यामुळे मी पूर्वी लागोपाठ चार-पाच थेंब घालून क्ले ओशट करून ठेवत असे.
— पुणे

माझी अडचण नेमकी उलट आहे. इथल्या दमट उन्हाळ्यात माझ्या गरम हातांनी क्ले इतकी सैल होते की पाकळीला धार देता देता ती बोटाबरोबर उचलली जाते. फ्रिजमध्ये पंधरा मिनिटे ठेवल्याने ती तेवढ्यापुरती घट्ट होते, परंतु कायमचा उपाय म्हणजे कागद. क्ले लाटून तिची पातळ पोळी करावी, झेरॉक्सच्या दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवावी आणि वर जाड पुस्तके रचावीत. तासाभराने कागदावर तिच्याच आकाराचा तेलकट, अर्धपारदर्शक डाग उमटलेला दिसतो. तो जितका गडद, तितके प्लास्टिसायझर बाहेर आले असे मी समजते, आणि गरज वाटल्यास कागद बदलते. वर्तमानपत्र मात्र वापरू नये, कारण त्याची शाई फिक्या रंगाच्या क्लेला लागते. रात्रभर विसरल्यास क्ले प्रमाणाबाहेर कोरडी होते, म्हणून मी गजर लावते.
— मुंबई

मे महिन्यात मागवलेले माझे पार्सल दिवसभर उन्हातल्या गाडीत राहिले असावे. पाकीट फोडले तेव्हा क्ले वरून ठीक वाटली, पण मळताना आत साबुदाण्यासारखे कडक कण लागू लागले. उष्णतेने क्ले अर्धवट भाजली गेली, की ते कण कोणत्याही तेलाने पुन्हा विरघळत नाहीत. मी दोन दिवस हकनाक हात दुखवून घेतले. शेवटी ती किसणीवर किसून (ही किसणी आता स्वयंपाकघरात परत नेत नाही) चांगल्या राखाडी क्लेमध्ये मिसळली, आणि तिचे दगडासारखे दिसणारे मणी झाले.
— नागपूर

संत्र्याच्या फोडीची केन (कुठेही आडवी कापली तरी तेच चित्र दिसणारी रंगीत क्लेची दांडी) करताना मला एक गोष्ट कळली, ती अशी की क्ले मऊ आहे की घट्ट यापेक्षा सगळे रंग एकसारखे आहेत की नाहीत, हे पाहणे जास्त महत्त्वाचे असते. माझा नारिंगी रंग सैल होता आणि पांढरा कडक. केन दाबून बारीक करत गेले तसा नारिंगी दोन्ही टोकांकडे सरकला, आणि मधून कापल्यावर फोडी चिरडल्यासारख्या दिसल्या. आता प्रत्येक रंगाची सारख्या आकाराची गोळी करून मी ती अंगठ्याने दाबून पाहते. जो रंग जास्त खोल दबतो, तेवढाच कागदावर जातो.
— कोल्हापूर

साठवणुकीबद्दल एवढेच सांगतो, की मी क्ले पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक, कडक डबीत ठेवली होती. प्लास्टिसायझरने डबीचा तळच चिकट केला. आता पॉलिप्रॉपिलीनचा, तळाशी ५ हा आकडा असलेला डबा वापरतो.
— ठाणे

कडक क्लेला मी बेबी ऑइल घालत असे आणि भाजल्यानंतर माझ्या पाकळ्या कटकन मोडत. दोष तेलाचा की ओटीजीचा (छोट्या विजेच्या ओव्हनचा), हे कळत नव्हते, कारण कमी भाजलेली क्लेही ठिसूळ राहते. म्हणून मी ओटीजीत वेगळा थर्मामीटर ठेवला, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापमान १३० अंशांवर आणले आणि एकाच क्लेच्या, एकाच जाडीच्या दोन पट्ट्या अर्धा तास शेजारी शेजारी भाजल्या. एकीत तेल होते, दुसरी नुसती तिंबलेली होती. पूर्ण गार झाल्यावर नुसती तिंबलेली पट्टी वाकून परत सरळ झाली आणि तेलाची पट्टी मधोमध तुटली. दोन्ही पट्ट्या मी कामाच्या टेबलावर चिकटवून ठेवल्या आहेत, आणि तेलाची बाटली तिथून हलवली आहे.
— नाशिक