मदत हवी आहे : बंदीआधीच पाळलेल्या वाघ-सिंहांवर नजर कशी ठेवायची?

हिंस्र वन्यप्राण्यांच्या खासगी मालकीवरच्या कायद्यांचं तुलनात्मक टिपण लिहितेय, एका मुद्द्यावर अडकलेय.

ब्रिटनचा १९७६चा कायदा परवान्यावर चालतो: स्थानिक प्रशासनाची मंजुरी, पशुवैद्याची तपासणी, विमा. अमेरिकेत ओहायोतल्या झेन्सव्हिलला २०११मध्ये एका मालकाने पन्नासेक प्राणी मोकळे सोडले. पोलिसांना त्यातले बहुतेक मारावे लागले, त्यात १८ वाघ. (ती यादी वाचून फार वाईट वाटलं. त्या जनावरांचा काय दोष?) वर्षभरात ओहायोने कायदा केला. देशपातळीवरचा कायदा मात्र डिसेंबर २०२२मध्ये आला, तोही फक्त वाघ-सिंहांसारख्या मोठ्या मार्जारांसाठी. जुन्या मालकांनी जून २०२३पर्यंत नोंदणी केली असेल तर आहे तो प्राणी ठेवता येतो. प्रजनन आणि नवी खरेदी बंद.

माझी अडचण इथेच आहे. नोंदवलेला वाघ मेला आणि गुपचूप दुसरा आणला तर? नोंदणीत मायक्रोचिप, फोटो मागतात, पण चिप वाचायचं यंत्र अंगाजवळ न्यावं लागतं. वाघाच्या जवळ जाणार कोण? कायद्यांचा मूळ मजकूर वाचून झालाय. प्राणिसंग्रहालयं, सर्कशी या टिपणात नाहीत. ‘जंगलात सोडा’ हा पर्यायही नको, माणसाच्या हातावर वाढलेला वाघ तिथे तगणं अवघड.

वन्यजीव पशुवैद्यक किंवा तपासणीचं काम केलेलं कुणी आहे का? प्राणी तोच आहे हे भूल न देता, खात्रीने कसं पडताळतात? आणि मृत्यूची नोंद मालकाच्या शब्दावर होते की मृतदेह तपासूनच?