‘करजो’, ‘येजो’, ‘पायजो’: हा आज्ञार्थ कोणता?

वरूड, जि. अमरावती:
वऱ्हाडीत ‘कर’ आणि ‘करजो’ दोन्ही चालतात. यातल्या ‘करजो’ला प्रमाण मराठीत जोड सापडत नाही, म्हणून विचारतो.

कारण घरचंच आहे. बाबा आता नाहीत. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय, ‘तिन्ही लाइट पायजो, मंगच बटन दाबजो.’ लाल, पिवळा, निळा यांतला एक जरी लागला नाही तरी फेज गेलाय असं समजायचं. तशात बटन दाबलं की मोटार नुसती गुणगुणते आणि वाइंडिंग जळतं. संत्र्याला पाणी द्यायचं तर रात्रीच्या लाइनची वाट पाहावी लागते, आणि लाइन आली की टॉर्च दातात धरून पेटी उघडायची. वाचायचं नाही म्हटलं तरी ते दिसतंच. ‘दाबजो’मधल्या ‘जो’ला जागा पुरली नाही, तो खालच्या ओळीत एकटाच आहे. तर हा ‘पायजो’ म्हणजे ‘पाहा’ की ‘पाहत जा’?

पुणे:
‘पायजो’ म्हणजे ‘पाहिजे’च ना? मी ‘तिन्ही लाइट पाहिजेत’ असं वाचलं.

वरूड:
नाही हो, ‘पाहिजे’चं आमच्याकडं ‘पायजे’ होतं. ‘पाहणे’चं ‘पायजो’. तुमच्या अर्थानंही मोटार वाचेल, ते सोडा.

नागपूर:
दादा, ‘पाहा’ही नाही आणि ‘पाहत जा’ही नाही. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे उद्या, परवा, काम झाल्यावर. ‘चहा पे’ समोर कप ठेवून म्हणतात. ‘घरी गेल्यावर चहा पेजो’ निरोप देताना. दारात उभ्या पाहुण्याला ‘बसजो’ म्हटलं तर तो म्हणेल, कधी? प्रमाण मराठीत जवळचं रूप ‘येशील’ किंवा ‘ये हं’, पण ‘येशील’मध्ये थोडी विनवणी आहे, थोडी शंकाही. ‘येजो’त शंका नाही. सांगणारा हजर नसताना करायचं काम या रूपात सांगतात. तुमच्या बाबांनी पेटीवर ‘पाय’ न लिहिता ‘पायजो’ लिहिलं ते व्याकरणाला धरूनच.

यवतमाळ:
याचा पुरावा पोळ्यात आहे. आदल्या संध्याकाळी खांदेशेकणीला बैलाच्या खांद्यावर तूप-हळद चोळताना आमचे बाबा म्हणत, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले येजा.’ आवतन आत्ता, म्हणून ‘घ्या’. जेवण उद्या, म्हणून ‘येजा’. दोन्ही रूपं एका वाक्यात. आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. तरी आई दरवर्षी मातीच्या जोडीला हेच म्हणते आणि मी तिथून उठतो, कारण चाल हुबेहूब बाबांची असते.

बुलडाणा:
हे वऱ्हाडापुरतं नाही. गुजरातीत निरोपाला ‘आवजो’ म्हणतात, जुन्या हिंदीत ‘कीजो’, ‘दीजो’ आहेतच. खानदेशातही ‘येजो’ ऐकू येतं. म्हणजे पुण्यामुंबईच्या शाळेत जे ‘गावठी’ म्हणून खोडलं जातं, ते रूप आपल्या सीमेपलीकडंही राबतंय. (आमच्या गुरुजींनीही निबंधात खोडलं होतं, स्वतः मात्र वर्गाबाहेर ‘वह्या आणजो’ म्हणत.)

पुणे:
मग वडिलांशी बोलतानाही ‘येजो’?

वरूड:
बाबांना ‘तुम्ही’, म्हणून ‘जा’ लागतो: ‘सांभाळून जाजा’. बाहेरच्या माणसाला ‘जाजा’ ऐकून हसू येतं. मायला ‘तू’, म्हणून ‘माय, जेवून घेजो’. ‘पाजणे’ला दोन ज येतात: ‘बैलाले पाणी पाजजो’. लिहिताना एक ज गाळू नका, ‘पाजो’ असं कुणी म्हणत नाही.

नागपूर:
आणि नकार राहिला. ‘सांगू नको’ हेही चालतं, पण बजावायचं असलं की ‘सांगजो नोको’.

वरूड:
तो तर मला पाठ आहे. बाबा पानठेल्यावर खर्रा (सुपारी-तंबाखू) प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घ्यायचे आणि मला गोळी देऊन म्हणायचे, ‘मायले सांगजो नोको.’ कुठंही पन्नी घासल्याचा आवाज आला की आधी हेच वाक्य कानात येतं. मायला सगळं माहीत होतं, शर्टाचा खिसा तीच धुवायची.