टूरिंग बाइकवर गाणी: स्पीकर फेअरिंगमध्ये की हेल्मेटमध्ये?

लांबपल्ला
हेल्मेटमध्ये ब्लूटूथ आला, आता बाइकवर स्टिरिओ कशाला, असं सरसकट बोललं जातं. मला हे साफ अमान्य आहे. मोठं फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं कव्हर) असलेल्या टूररवर (लांब प्रवासाच्या बाइकवर) ६.५ इंची स्पीकरची जोडी आणि ४ ओहमला चॅनलमागे ७५ वॉट देणारा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अ‍ॅम्प नीट बसवला, तर ताशी ८०-९० ला गाणं स्पष्ट ऐकू येतं, मागे बसलेल्यालाही. स्टिरिओचं नाव खराब होतं ते बहुतेक वेळा वायरिंगमुळे.

हिशेब करून बघा. दोन चॅनलचे १५० वॉट, अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीवर साधारण १९० वॉटचा भार, म्हणजे १३.८ व्होल्टला १४ अँपिअरच्या आत. त्याला ६ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा फ्यूज पुरतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर नको. थरथरीत तिच्या तारा लवकर तुटतात. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभराच्या आत हवा. टाकीखाली वायर फ्रेमवर घासून सोलली, तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कोणाचंच संरक्षण नसतं. निगेटिव्ह थेट बॅटरीवर घ्या, रंग दिलेल्या बोल्टवर नाही.

कानसेन
वायरिंगबद्दल वाद नाही. वाद डेसिबलचा आहे. ताशी १०० ला फुलफेस हेल्मेटच्या आतसुद्धा वाऱ्याचा आवाज ९५ डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतल्या नायोश संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा ८ तासांना ८५ डेसिबल आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एकच तास. या आवाजावर फेअरिंगमधून मात करायची तर १० डेसिबलसाठी दसपट वॉट लागतात. ७५ चे ७५० कुठून आणणार? शिवाय सिग्नलला थांबलात की तोच आवाज शेजारच्याच्या कानात.

हेल्मेटमधला ४० मिमीचा स्पीकर कानापासून एक-दोन सेंटीमीटरवर असतो, त्याला वॉटभरही लागत नाही. 'बास येत नाही' ही तक्रार जवळजवळ नेहमी जागा चुकल्याची असते. हेल्मेट घालून बोटाने कानाच्या भोकाची जागा अस्तरावर खुणेनं टिपा, स्पीकरचा मध्य तिथेच आणा. कानाच्या पोकळीत जागा उरली तर स्पीकरमागे फोमची चकती घाला. बोटभर सरकला तरी फरक कळतो. मात्र कडक थर्माकोल कोरून जागा करू नका, डोकं वाचवणारा थर तोच आहे.

लांबपल्ला
कानसेन, दसपट वॉटचा हिशेब बरोबर आहे, पण वारा कमी करायचा मार्ग अ‍ॅम्पमधून जात नाही, विंडस्क्रीनमधून जातो. काचेच्या कडेवरून येणारा गढूळ वारा नेमका हेल्मेटवर आदळत असेल तर काच थोडी वर-खाली करून बघा, आवाजात मोठा फरक पडतो. स्पीकरची तोंडं कानाकडे वळवा. पोटाकडे वाजणाऱ्या स्पीकरचे वरचे सूर हेल्मेटपर्यंत पोचतच नाहीत. १०० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा. उघड्यावर त्याखालचा बास ऐकू येत नाही, नुसता कोन (स्पीकरचा पडदा) आपटतो आणि वॉट खातो.

गेन (अ‍ॅम्पवरची सिग्नल वाढवण्याची सेटिंग) कानाने लावू नये. स्पीकर सोडवा, हेड युनिटचा (गाणी वाजवणाऱ्या मुख्य संचाचा) आवाज पाऊण, इक्वलायझर सपाट, ४०० हर्ट्झचा टोन लावा (साधे मल्टिमीटर याहून वरच्या सुरांना चुकतात). ७५ वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३. अ‍ॅम्पच्या आउटपुटवर तेवढे एसी व्होल्ट आले की थांबा. त्यापुढे आवाज फाटतो आणि ट्विटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) जळतात.

रेक्टिफायर
दोघेही अल्टरनेटर विसरलात. होंडा गोल्ड विंगसारख्या मोठ्या टूररवर १९८० च्या दशकातच कंपनीचा स्टिरिओ मिळत होता, कारण तेवढी वीज तयार करायची सोय मुळातच होती. एक सिलिंडरच्या बाइकवर ती चैन नसते. हेडलाइट, पंप आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) भार आधीच असतो, त्यात हँडलचे हीटर लावले की आणखी ३०-४० वॉट गेले. चाचणी सोपी: सगळं चालू ठेवून इंजिन आयडलवर आणि मग ३,००० आरपीएमला बॅटरीवर व्होल्टेज मोजा. ३,००० लाही १३ च्या खाली राहिलं तर तिथे अ‍ॅम्प नकोच, मी कानसेन यांच्या बाजूने.

रिमोट वायर (अ‍ॅम्प चालू-बंद करणारी) इग्निशननंतरच्या लाइनवर असावी. नसेल तर अ‍ॅम्प बंद दिसूनही ५० मिलिअँपिअर ओढत राहतो: दिवसाला १.२ अँपिअर-तास. १२ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत अर्धी. कॅन बस (इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणारी डेटा लाइन) असलेल्या बाइकवर मूळ वायर सोलून जोड मारू नका, दिवा-इंडिकेटरचे एरर येतात. तिथे बॅटरीवरून रिले (विजेवर चालणारा स्विच) घ्या.

कानसेन
आणि देखभाल? फेअरिंगमधल्या संचाला दर सर्व्हिसला उघडून बघावं लागतं. वायर सगळ्यात आधी तुटते ती स्टिअरिंगच्या मानेपाशी.

लांबपल्ला
तुटते, पण ढिला लूप न ठेवल्यामुळे. हँडल दोन्ही लॉकपर्यंत फिरवा; वायर कुठेही ताणता कामा नये. जोड क्रिम्प करून (पक्कडीने दाबून) वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) घाला. नुसता सोल्डर केला तर जिथे टिन संपतं त्या कडेलाच तार मोडते. कनेक्टरच्या आधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत शिरणार नाही. स्पीकर आयपी६६ चा (धूळ आणि पाण्याच्या धारेला टिकणारा) असला तरी प्रेशर वॉशरची धार जाळीवर सरळ मारू नये. बोल्टला निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद).

एक राहिलं: दोन्ही स्पीकर एकत्र लावले की बास नाहीसा होतो, एकेकटे बरे वाजतात, तर एकाची पोलॅरिटी (प्लस-मायनसची जोडणी) उलटी आहे. स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर यायला हवा.

रेक्टिफायर
इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर आरसीए पिना (हेड युनिटकडून सिग्नल आणणाऱ्या वायरच्या) अ‍ॅम्पमधून काढून बघा. शीळ थांबली तर गडबड अ‍ॅम्पच्या आधी आहे: हेड युनिटची अर्थिंग अ‍ॅम्पच्याच बिंदूवर आणा आणि आरसीए वायर पॉवरच्या वायरपासून दूर, फ्रेमच्या दुसऱ्या बाजूने न्या. तरीही नाहीच थांबली, तर अ‍ॅम्पचा निगेटिव्ह लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) उघडा आणि तळाशी गंज आहे का पाहा.