घराचा खप कशात मोजावा आणि कोणाशी ताडून पाहावा?

कोठीची किल्ली यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी जमाखर्चाची वही नियमाने लिहिली जाते, परंतु तिच्यात रुपये असतात. किलो, लिटर आणि युनिट नसतात. तेलाचा भाव चढला की वहीतला आकडा फुगतो, आणि भाव उतरला की आपण मोठ्या काटकसरीने वागलो असे वाटू लागते; कढईत पडणारे तेल मात्र दोन्ही वेळा तेवढेच असते. म्हणून त्याच वहीच्या मागच्या पानांवर घरात काय किती संपले याची वेगळी नोंद मी ठेवू लागलो, आणि खालचे प्रश्न त्या नोंदींतूनच आले आहेत.

आम्ही पुण्यात वारज्याला एका सोसायटीत राहतो. घरात मी, पत्नी, आई आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी अशी चार माणसे आहेत. विजेचा खप वर्षाच्या सरासरीने महिन्याला २२० युनिटांच्या आसपास असतो, १४.२ किलोचे गॅस सिलिंडर साधारण पाच आठवडे पुरते, तांदूळ महिन्याला १० किलो लागतो आणि गाडीला ४० लिटर पेट्रोल. पाण्याला घरटी मीटर नाही. महापालिकेचे पाणी आणि उन्हाळ्यातले टँकर यांचा खर्च सोसायटी सर्व सदनिकांवर सारखा वाटते, त्यामुळे ते रकाने कोरेच आहेत. गृहकर्जाचा हप्ता वगळता महिन्याचा खर्च माणशी १५ हजारांच्या घरात जातो.

आता अडचण अशी की युनिट, किलो आणि लिटर यांची बेरीज होत नाही, त्यामुळे नेमके कोठे हात आखडावा हे समजत नाही. दुसरे असे की आमच्याच मजल्यावरच्या दोन-दोन एसी असलेल्या घरांशी तुलना केली तर आम्ही जवळजवळ संन्यासी ठरतो, आणि आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या पाच माणसांच्या एका खोलीशी तुलना केली तर भलतेच उधळे. यांपैकी कोणती तुलना खरी मानावी? आणि मीटर नसताना पाणी कसे मोजावे?

जुना वायरमन यांचे उत्तर

बेरीज पूर्णपणे होत नाही हे खरे, परंतु वीज, गॅस आणि पेट्रोल या तिघांची उष्णतेच्या मापाने ढोबळ बेरीज करता येते आणि ती करून पाहण्याजोगी आहे. एका सिलिंडरमधील गॅस जाळला तर सुमारे १८० युनिटांएवढी उष्णता मिळते. पाच आठवड्यांना एक सिलिंडर म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात महिन्याला दीडशेच्या थोडी वर युनिटे जळतात. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ९ युनिटांची उष्णता असते, म्हणजे ४० लिटरची ३६० युनिटे झाली. राहिली वीज. येथे पुष्कळांची गफलत होते, कारण मीटरवरचे २२० युनिट ही तयार होऊन आलेली वीज आहे. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या केंद्रात कोळशाची जेवढी उष्णता खर्ची पडते तिच्यापैकी साधारण एक तृतीयांशच विजेच्या रूपाने बाहेर येते आणि उरलेली शीतकरण मनोऱ्यांतून व धुराड्यांतून निघून जाते. म्हणून तुमच्या २२० युनिटांमागे ६६० युनिटांचा कोळसा जळला असे धरावे. कोयनेचे पाणी, पवनचक्क्या आणि सौर पॅनेल यांचा वाटा वजा केला तर आकडा खाली येईल, पण क्रम बदलणार नाही: पहिली वीज, दुसरी गाडी आणि सर्वांत शेवटी गॅस.

हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे, कारण घरोघरी काटकसरीचा सगळा उपदेश शेगडीपाशी होतो. डाळ भिजत घालणे, कुकरची शिट्टी झाली की आच मंद करणे, हे सर्व चांगलेच आहे. परंतु ज्या घरातून शेगडीवर इतके बारीक लक्ष असते त्याच घरातून चौकातल्या दुकानापर्यंत गाडी काढली जाते आणि त्याची नोंद कोणाच्याही वहीत ‘घरखर्च’ म्हणून होत नाही. विमानप्रवास तर बहुधा ‘सहल’ या रकान्यात जातो. पुणे ते दिल्ली या अंतराला माणशी सुमारे ३० ते ४० लिटर इंधन लागते असे धरले, तर चौघांच्या एका जाण्यायेण्याला तुमच्या गाडीचे सहा-सात महिन्यांचे पेट्रोल संपते.

विजेच्या आतही असेच पाहावे. एसी नसलेल्या घरात पहिला मान बहुतेक वेळा गिझरचा असतो. चौघांना प्रत्येकी २० लिटर पाणी २० अंशांनी तापवून लागत असेल तर रोज जवळपास दोन युनिट, म्हणजे महिन्याला ५५च्या आसपास युनिट जातात. अलीकडचा २५० लिटरचा फ्रिज महिन्याला २० युनिटांच्या आगेमागे घेतो. जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला तर २७ युनिट, आणि कमी वीज घेणाऱ्या मोटारीचा नवा (बीएलडीसी) पंखा लावला तर त्याच तासांना ११. एसीचे मात्र निराळेच प्रकरण आहे. दीड टनाचा एसी रात्रभर लावला तर एप्रिल-मेमध्ये तो एकटाच तुमच्या घराच्या सरासरीएवढी वीज घेऊ शकतो. तुमचा वर्षाचा सरासरी आकडा त्यामुळे थोडा फसवा असण्याची शक्यता आहे. उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची बिले वेगवेगळी मांडून पाहा.

एक गोष्ट तुलनेबद्दल. महावितरणचे चढत्या वीजदरांचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि ते मीटरमागे आहेत, माणसांमागे नाहीत. सहा माणसांच्या घराचे ३२० युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि एकट्या माणसाचे १५० युनिट खालच्या टप्प्यात राहतात. बिल पाहून कोण उधळ्या हे ठरवायला जाल तर नेमके उलटे उत्तर येईल. फ्रिज, दिवा, टीव्ही हे वाटून घेतले जात असल्याने मोठ्या कुटुंबात माणशी खप आपोआप कमी होतो. यात त्या कुटुंबाचे पुण्य फारसे नसते.

भीमाकाठ यांचे उत्तर

पाण्याबद्दल लिहिण्याचा आम्हा सोलापूरकरांना थोडा अधिक अधिकार आहे असे समजावे. तुम्ही वापरून सोडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, आणि उजनीतून ते आमच्या शहराला मिळते. म्हणून ‘पुण्यात पाणी वाया गेले’ या वाक्याचा अर्थ आमच्याकडे वेगळा लागतो. ते वाया जात नाही, घाण होऊन खाली येते. किती वापरले यापेक्षा कसे करून सोडले, हा प्रश्न खालच्या अंगाला राहणाऱ्यांना अधिक महत्त्वाचा वाटणार.

मोजण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक नळाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते हे पाहावे आणि त्यावरून मिनिटाचे लिटर काढावे. सर्वसाधारण शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातात, म्हणजे सात-आठ मिनिटांच्या स्नानात चार बादल्या. संडासाची जुनी टाकी एका वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक ओतते. दोन बटणांच्या नव्या टाकीत साधारण तीन आणि सहा लिटर असा पर्याय असतो. आरओ यंत्र असेल तर त्याची सांडपाण्याची बारीक नळी एकदा बादलीत सोडून पाहा. जुन्या यंत्रात पिण्याच्या एका लिटरमागे तीन लिटरपर्यंत पाणी मोरीत जाते. खडकवासल्याचे पाणी मुळात जड नाही, त्यामुळे त्याला आरओची गरजच बहुधा नसते. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. या सर्वांची बेरीज शहरांसाठी धरल्या जाणाऱ्या माणशी रोज १३५ लिटरच्या निकषाशी ताडून पाहावी. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने हाच आकडा ५५ लिटर धरला आहे, हेही बाजूला लिहून ठेवावे.

परंतु टंचाई असली की काटकसर आपोआप येते असे कोणी समजू नये. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्या दिवशी गच्चीवरची टाकी, मोरीतले पिंप, कळश्या, तपेली, इतकेच काय पण पिठाचे रिकामे डबेही भरले जातात. आणि पुढच्या पाळीला नळ सुरू झाला की उरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून अंगणात ओतून देऊन तीच भांडी पुन्हा भरली जातात. हे मी माझ्या गल्लीत दरवेळी पाहते. ज्यांच्याकडे साठवायला जागा आहे ती घरे या पद्धतीने गरजेहून अधिक पाणी घेतात, आणि पत्र्याच्या खोलीत दोन घागरी असलेल्या घराला पुढच्या पाळीपर्यंत तेवढ्यावरच भागवावे लागते.

तुमच्या दहा किलो तांदळाचेही पाणी धरायचे ठरवले तर सगळा हिशेबच उलटतो. एक किलो तांदळाला सुमारे २,५०० लिटर पाणी लागते असा सर्वसाधारण अंदाज वापरला जातो; म्हणजे महिन्याला २५,००० लिटर, आणि १३५च्या निकषाने चौघांचे नळाचे पाणी होते सुमारे १६,०००. मात्र या आकड्याने घाबरून जाऊ नये. कोकणात खाचरातल्या पावसाच्या पाण्यावर पिकलेला भात आणि आमच्या भागात धरणाच्या पाण्यावर उभा असलेला ऊस यांचे लिटर एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. पहिले पाणी तेथे पडणारच होते. दुसरे कोणाच्या तरी पिण्यातून आलेले असू शकते. म्हणून तांदळाऐवजी साखरेच्या डब्याकडे पाहावे, असे माझे मत आहे.

उलटतपासणी यांचे उत्तर

तुलना कोणाशी करावी याचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे, फक्त ते तुम्हाला आवडणार नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भागातील माणशी मासिक सरासरी खर्च ६,४५९ रुपये आणि ग्रामीण भागातील ३,७७३ रुपये आहे. शहरांतील सर्वांत वरच्या पाच टक्क्यांची सरासरी २०,८२४ रुपये आणि सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची २,००१ रुपये. तुमचे १५ हजार शहरी सरासरीच्या दुपटीहून अधिक आहेत. मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी तुलना केल्याने तुम्ही संन्यासी ठरता याचे कारण एवढेच की त्या मजल्यावर वरच्या थरातलेच लोक राहतात. मावशींशी केलेली तुलनाच खऱ्याच्या जवळ जाणारी आहे.

दुसरे, तुम्ही किलोंमध्ये मोजता ते धान्य शहरी घराच्या खर्चात आता फार थोडे उरले आहे. त्याच सर्वेक्षणात शहरी खर्चातला तृणधान्यांचा वाटा ३.६४ टक्के आहे आणि पेये, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा १०.६४ टक्के. तांदळाची नोंद काटेकोर आणि बिस्किटे, फरसाण, वेफर्स, बाहेरून मागवलेले जेवण ‘इतर’ या रकान्यात, असे तुमच्याकडेही असणार असा माझा अंदाज आहे. ही पाकिटे मोजायची असतील तर घरात येताना मोजू नका, बाहेर जाताना मोजा. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताई दारोदार ओला-सुका कचरा नेतात. त्यांना देण्यापूर्वी आठवडाभराचा सुका कचरा एकदा जमिनीवर पसरून पाहावा. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या यांना भंगारात भाव असतो. आतून चांदीसारखी चकाकणारी वेफर्सची पाकिटे वजनाला नगण्य, आणि त्यांना भंगारवाला हातही लावत नाही. म्हणून ती तोलून नव्हे, नगावर मोजावी लागतात.

कोठीची किल्ली यांचे प्रत्युत्तर

तिघांचेही आभार. ‘उलटतपासणी’ यांचा अंदाज अर्धाच बरोबर आहे: बिस्किटांना आमच्या वहीत स्वतंत्र रकाना आहे, बाहेरून मागवलेले जेवण मात्र मुलगी तिच्या फोनवरून मागवते आणि ते वहीपर्यंत येतच नाही. पेट्रोल आता घरखर्चात घेतो आहे. आरओच्या नळीखाली बादली लावली. ते पाणी आई अंगण झाडून झाल्यावर शिंपडायला आणि फरशी पुसायला वापरते आहे.

एक शंका उरते. नवा फ्रिज घेतला तेव्हा जुना गावच्या घरी नेऊन ठेवला. तेथे वर्षातून गणपतीत आणि मे महिन्यात आमचे जाणे होते. एरवी चुलत भाऊ त्या घराकडे लक्ष देतो आणि फ्रिज चालूच असतो. हा खप कोणाच्या खाती धरावा?

जुना वायरमन यांचे उत्तर

तुमच्या चुलत भावाच्या घरी स्वतःचा फ्रिज आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे. नसेल आणि त्यांचे दूधदुभते व भाजी त्यात राहत असेल, तर तो त्यांचा फ्रिज झाला. तुमच्या वहीतून काढून टाका. पण तो रिकामा चालत असेल आणि आत फक्त पाण्याच्या दोन बाटल्या असतील, तर तो सर्वस्वी तुमच्या खाती. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असल्यास नव्याच्या दुप्पट वीज घेत असण्याची शक्यता बरीच आहे, कारण अशा फ्रिजच्या दाराचे रबर सैल झालेले असते आणि कॉम्प्रेसर फारसा थांबतच नाही. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली तर रबर गेले. आणि बंद करून ठेवणार असाल तर आतून कोरडा पुसून दार किंचित उघडे ठेवायला भावाला सांगा, नाहीतर गणपतीला उघडाल तेव्हा बुरशी आलेली असेल.