मदत हवी आहे : आमच्या तिकटीला सिग्नल मागू की तिकटीचं तोंडच नीट करून मागू? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी आमच्या भागातली तालीम, दोन तरुण मंडळं आणि दुकानदार यांची एकत्र बैठक आहे. विषय एकच, आमच्या तिकटीवरची, म्हणजे तीन वाटा मिळतात त्या जागेवरची, कोंडी. बैठक झाली की महापालिकेला आणि शहर वाहतूक शाखेला निवेदन द्यायचंय. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलंय. पण नेमकं काय मागायचं, हेच मला अजून पटलेलं नाही.

तिकटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं रस्त्यावरून उठतं आणि कोणाच्या वॉर्डात कोणी काय केलं, यावर जातं.

जागा अशी आहे. शहरातून बाहेर पडणारा मोठा रस्ता सरळ जातो. आमच्या उपनगराचा रस्ता त्याला काटकोनात न मिळता तिरका येऊन मिळतो. त्यामुळं तोंडाशी डांबराचं मैदान झालंय. कुठून कसं वळायचं याची एक रेघही नाही. एका कोपऱ्यावर वडापच्या (माणशी भाडं घेऊन प्रवासी भरणाऱ्या) रिक्षा, दुसऱ्यावर भाजीच्या हातगाड्या आणि केएमटीच्या शहर बसचा थांबा बरोबर वळणावर. बस थांबली की मागची रांग थांबते, दुचाकीवाले बसच्या उजवीकडून बाहेर काढतात आणि नेमके समोरून वळणाऱ्या गाडीपुढं येतात. उसाचा हंगाम लागला की शहरातली गर्दी चुकवायला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आमच्या रस्त्यात घुसतात. शनिवारी-रविवारी अंबाबाईला आलेल्या बाहेरगावच्या गाड्यांची त्यात भर पडते, आणि त्यातले निम्मे चालक तिकटीच्या मधोमध थांबून मोबाइलवर रस्ता बघतात.

मागच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला मी आणि माझी मुलगी टेप घेऊन गेलो. आमच्या रस्त्याचं तोंड पायी ओलांडायचं तर अंतर २२ मीटर भरलं. तोच रस्ता पन्नास पावलं आत गेल्यावर मोजला, तर ९ मीटर. म्हणजे रस्ता ९ मीटरचा आणि ओलांडायचा २२ मीटर. गेली अकरा वर्षं मी तिथून जाते, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आम्ही समजत होतो, जागा कमी आहे म्हणून कोंडी होते.

सासूबाई सोबत आल्या होत्या. रस्ता रिकामा, कसली घाई नाही, तरी त्यांना तेवढं अंतर जायला ३१ सेकंद लागले. समोरच्या बाजारात त्या दर मंगळवारी स्वतः भाजी आणायच्या. गेले सहा-सात महिने जात नाहीत. विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगतात. पण घरात त्या दिवसभर चालत्या-फिरत्या असतात. त्यांना भीती वाटते आणि ते सांगायचा संकोच वाटतो, एवढं मला कळतं.

मुलगी आठवीत आहे, सायकलनं शाळेला जाते. नियमाप्रमाणं डाव्या कडेनं सरळ चाललेली असते. मागून आलेली मोटार तिला ओलांडून लगेच तिच्या पुढ्यात डावीकडं वळते, कारण तोंड एवढं रुंद की वळताना ब्रेकवर पाय ठेवायची गरजच पडत नाही. दोनदा ती सायकलवरून उतरून बाजूला झाली म्हणून वाचली.

बैठकीत बहुतेकांचं म्हणणं ठरल्यासारखंच आहे : सिग्नल बसवा आणि मोठ्या रस्त्यावरचा दुभाजक सलग बंद करा. पण दुभाजक बंद केला तर पलीकडं जाणाऱ्यांनी कुठून जायचं? आणि डावीकडं वळणारे सिग्नलला थांबणार का? निवेदनात नेमकं काय मागावं आणि कोणत्या आधारावर, हे जाणकारांनी सांगावं. यातून कोणाचं पोट मारलं जाऊ नये, हीसुद्धा इच्छा आहे.

—

जुना_ओव्हरसिअर :

ताई, टेप घेऊन गेलात इथंच अर्धं काम झालं. मी तीस वर्षं रस्त्यांच्या कामात काढली. तिरका मिळणारा रस्ता हा जुना दुखणेकरी आहे. तोंड जेवढं पसरट, तेवढा वळायचा वेग जास्त आणि पायी माणूस तेवढा जास्त वेळ गाड्यांच्या वाटेत. शिवाय त्या मोकळ्या जागेत प्रत्येक जण स्वतःची रेघ आखतो. चौरस्त्यावर गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात, तिकटीवर फक्त ९ ठिकाणी. म्हणजे तिकटी मुळात सोपी असते. पण त्या ९ जागा कुठं आहेत हे चालकाला दिसलं पाहिजे. तुमच्याकडं त्या मैदानभर विखुरल्यात.

आता सिग्नलचं गणित करा. पायी माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत आहे. त्या हिशोबानं २२ मीटरला १८ सेकंद लागतात. तुमच्या सासूबाईंना ३१. तेवढा वेळ पादचाऱ्यांना दिला तर बाकी सगळे खोळंबतात, सिग्नलचा फेरा लांबतो, रांगा वाढतात आणि महिन्याभरात कोणीतरी पादचाऱ्यांचाच वेळ कापतं. उलट तोंड आवळून १० मीटरवर आणलं तर तरण्या माणसाला ८-९ सेकंद पुरतात आणि सासूबाईंना १४. मधे दीड-दोन मीटर रुंदीचा उंचवटा ठेवला, तर त्या एका वेळी एकाच बाजूची वाहनं बघून अर्धा रस्ता ओलांडतील आणि तिथं सुरक्षित थांबतील. अंतर कमी केलं की गाडीवाल्याचाही वेळ वाचतो, हे बैठकीत पहिल्यांदा सांगा. नाहीतर लोकांना वाटेल, तुम्ही पायी चालणाऱ्यांसाठी गाड्या अडवायला निघालात.

तेव्हा क्रम असा ठेवा : तोंड काटकोनाकडं वळवून आवळा, थांबा हलवा, कोपरे मोकळे करा. एवढं करून पुन्हा मोजणी करा. तरीही गरज दिसली तर सिग्नल मागा.

—

तीनचाकी :

मी रिक्षा चालवतो, वडापही केलंय. ताईंनी पोटाचं लिहिलं म्हणून बोलतो. आम्ही कोपऱ्यावर उभं राहतो कारण बसमधून उतरलेलं माणूस तिथंच येतं. दोनशे पावलं मागं उभं केलंत तर आठ दिवसांत आम्ही परत कोपऱ्यावर दिसू, दंड भरून दिसू. बसचा थांबा जिथं न्याल तिथंच आमच्या चार रिक्षांची जागा पट्टे मारून द्या. मग कोपरा आपोआप मोकळा होतो.

दुसरं, तोंड आवळा म्हणणं सोपं आहे. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर वळताना बघितलाय का? मागची ट्रॉली आत कापते. एखादी कठड्यावर चढून उलटली तर ऊस रस्त्यावर आणि खाली कोण असेल ते देवाला माहीत.

—

जुना_ओव्हरसिअर :

तीनचाकी, अगदी मुद्द्याचं बोललात. पुढच्या चाकापेक्षा मागची ट्रॉली आतून जाते आणि ट्रॉल्या वाढल्या की ते जास्तच होतं. म्हणून आवळायचं ते दोन टप्प्यांत. मोटारी आणि दुचाक्यांसाठी कोपरा घट्ट, आणि त्याच्या आत खडबडीत दगडी फरसबंदीचा बुटका, उतरता पट्टा. मोटारवाला हादरे बसतात म्हणून त्यावरून वेगात जात नाही, ट्रॉलीचं मागचं चाक मात्र त्यावरून सावकाश जातं. पादचाऱ्यांनी उभं राहायची जागा या पट्ट्याच्या मागं, खऱ्या उंच कठड्याआड. हे नकाशावर दाखवलं नाही तर कारखान्याकडं जाणाऱ्यांचा पहिला विरोध येईल, आणि तो रास्त असेल.

मोजणीत ट्रॅक्टर वेगळे मोजा. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेवरच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत एक ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५ मोटारींइतकी धरली आहे. नुसती डोकी मोजली तर हंगामातली कोंडी कागदावर दिसणारच नाही. एखाद्या गच्चीवरून मोबाइलनं चित्रीकरण करा. सकाळचे आणि संध्याकाळचे दोन-दोन तास घ्या, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडा आणि कोण कुठून कुठं वळलं त्याच्या रेघा मारा. पायी आणि सायकलवाले त्याच तक्त्यात हवेत. त्यांना मोजलं नाही तर पुढच्या नकाशात त्यांची जागा राहत नाही.

—

गोकुळ_शिरगाव_सायकलवर :

मी एमआयडीसीत रोज सायकलनं जातो. बैठकीत कोणीतरी सायकलचा वेगळा पट्टा मागेल. तिकटीच्या तोंडावर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण डावीकडं वळणारी गाडी तो पट्टा कापूनच जाणार. ताईंच्या मुलीला खरी मदत होईल ती त्या वळणाचा वेग कमी झाल्यानं. गाडीला १५ च्या वेगानं वळावं लागलं, तर चालकाला सायकल दिसते आणि थांबायला वेळही मिळतो. सिग्नल झालाच तर थांबण्याच्या रेघेपुढं सायकलींसाठी चौकोन आखून घ्या. गाड्या सुटण्याआधी मुलं पुढं निघालेली असतात.

दोन बारीक गोष्टी, ज्या नकाशा काढणाऱ्याला सुचत नाहीत. गटारीच्या लोखंडी जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनं असतील तर सायकलचं चाक त्यात अडकतं. गज आडवे हवेत. आणि झेब्र्याचे जाड पांढरे पट्टे पावसात घसरतात, आपल्याकडं जून ते सप्टेंबर ते ओलेच असतात. रंग खरखरीत मागा. गेल्या पावसाळ्यात मी अशाच पट्ट्यावर पडलो, मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

—

करवीर_निवेदनवाला :

कागदाचं मी सांगतो. एकाच निवेदनात सगळं कोंबू नका. रस्त्याची रचना, पदपथ, रंगकाम, दिवे हे महापालिकेकडं. पार्किंगबंदी, एकेरी मार्ग, जड वाहनांच्या वेळा यांचे आदेश मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली निघतात, त्यासाठी वाहतूक शाखेमार्फत पोलीस अधीक्षकांकडं. थांबा केएमटीकडं. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतं एक पान, आणि नकाशा सगळ्यांना तोच. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आधार द्यायचा तर २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन नियमांत चौकाच्या कडेपासून ५० मीटरच्या आत वाहन उभं करायला मनाई आहे. बसथांबा चौकापासून साधारण ७५ मीटर लांब ठेवावा, असा रोड्स काँग्रेसचा संकेत आहे. पण ७५ मीटर ऐकून घाबरू नका. सासूबाईंसारख्या माणसाला तेवढं परत चालत यावं लागू नये, म्हणून थांब्याजवळच दुसरा झेब्रा मागा.

त्या तिकटीवर अजून जीव गेला नसेल, तर ‘अजून कोणी मेलं तर नाही ना’ असं काही ठिकाणी तोंडावर ऐकावं लागतं. राष्ट्रीय महामार्गावर अपघातप्रवण ठिकाण ठरवायचा निकषच ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू असा आहे. शहरातल्या तिकटीनं तेवढी वाट का बघायची? जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला एक प्रत द्या, मुलीचे दोन्ही प्रसंग तारीख-वेळेसह लिहा. उत्तर आलं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथं तक्रार थेट अधिकाऱ्यांपुढं मांडता येते.

आणि कायमचं बांधकाम आधी मागू नका. नवी कड तात्पुरत्या वस्तू ठेवून पंधरा दिवस प्रायोगिक तत्त्वावर मागा. खर्च नगण्य असतो, म्हणून अधिकाऱ्याला हो म्हणणं सोपं जातं. चुकलं तर काढून घेता येतं, विरोध करणाऱ्यालाही तेवढा धीर मिळतो.

—

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून नकाशा नव्यानं काढला. सिग्नलची मागणी पहिल्या पानावरून काढली, ती आता प्रयोगानंतरच्या मोजणीवर अवलंबून ठेवली आहे. दुभाजक बंद करण्याऐवजी पादचाऱ्यांसाठी मधे थांबायची जागा दाखवली. तीनचाकी, तुमच्या चार रिक्षांचे पट्टे थांब्याला लागून आखलेत, आणि हातगाड्यांची ओळ आमच्या रस्त्यावर आत, आवळल्यामुळं मोकळ्या झालेल्या जागेत. भाजीवाल्या मावशींना काल नकाशा दाखवला. त्या म्हणाल्या, “सावली कुठल्या बाजूला येतीया ते बघ आधी.” मी बघितलं नव्हतं. दुपारी तीनला जाऊन बघून आले, ओळ दुसऱ्या बाजूला घेतली.

झेब्रासुद्धा हलवला. सासूबाईंना विचारलं, रस्ता मोकळा असता तर तुम्ही कुठून गेला असता? त्यांनी बोट दाखवलं ती जागा डेअरीच्या पायरीसमोर निघाली, मी काढलेल्या झेब्र्यापासून बारा पावलं लांब. बैठकीला त्यासुद्धा येणार आहेत.

वाहतूक शाखेकडं प्रयोगाची परवानगी मागायचा अर्ज उद्या देतेय. ती मिळाली, तर नवी कड फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) आखून त्यावर वाळू भरलेली टिपाडं (पिंपं) ठेवायची आहेत आणि एका ट्रॅक्टरवाल्याला रिकाम्या डबल ट्रॉलीसह वळून दाखवायला सांगायचंय. तालमीतली पोरं टिपाडं भरून उचलायला तयार आहेत. मोजणीसाठी डेअरीवरच्या घराची गच्ची मिळाली आहे.

आता दोनच गोष्टी अडल्यात. साधारण वीस रिकामी टिपाडं लागतील, रंगाची किंवा तेलाची कसलीही चालतील, आम्ही येऊन घेऊन जाऊ आणि परत आणून देऊ. आणि रात्री ती दिसायला हवीत, म्हणून चमकणारी पट्टी कोल्हापुरात सुटी कुठं मिळते, हे कोणाला माहीत असेल तर इथं लिहा किंवा व्यनि (खासगी निरोप) करा.