मदत हवी आहे: तीनदा एअर काढली तरी ब्रेक पेडल मऊच

लालदिवा_फोंडा
पुढचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलल्यापासून ब्रेक पेडल स्पंजसारखं लागतंय. तीन वेळा एअर (ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा) काढली, जवळपास अर्धा लिटर ब्रेक ऑइल गेलं, काही फरक नाही. रविवारी मातीवरची ऑटोक्रॉस (छोट्या ट्रॅकवरची गाड्यांची स्पर्धा) आहे, असं पेडल स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडी तपासणीत, पास होणार नाही. नक्की माहीत असणाऱ्यांनी लवकर सांगा.

पाना_चौदा
गाडी कुठली? कॅलिपर त्याच मॉडेलचे की मोठे? एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे का? ऑइल कुठलं? काम चालू असताना ब्रेक ऑइलची टाकी रिकामी झाली होती का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

लालमाती
ऑइल बदला. डॉट हे ब्रेक ऑइलचे प्रकार; डॉट ३ चा उकळबिंदू नव्यात २०५ अंश आणि पाणी शोषल्यावर १४० पर्यंत येतो. डॉट ५.१ नव्यात २६० आणि ओलं झाल्यावर १८०. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ऑइल लवकर पाणी ओढतं, दर वर्षी बदलायलाच हवं.

पाना_चौदा
लालमाती बाब, आकडे बरोबर आहेत, पण ते गरम ब्रेकचं दुखणं. चोर्ला घाट उतरताना पेडल खाली गेलं तर ऑइल बघायचं. इथे गाडी थंड उभी असतानाच पेडल मऊ आहे, म्हणजे आत हवा आहे किंवा काहीतरी फुगतंय.

म्हापसेकर
डॉट ५ टाका, ते पाणी शोषतच नाही.

पाना_चौदा
कृपा करून टाकू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ३, ४, ५.१ यांत मिसळत नाही. ५ आणि ५.१ हे दोन वेगळे प्रकार आहेत, नावातल्या साम्यामुळे गफलत होते.

लालदिवा_फोंडा
२०१० ची स्विफ्ट एलएक्सआय, एबीएस नाही. मागे ड्रम. कॅलिपर मोठ्या गाडीचे, भंगारातून आणलेले, नवीन सील किट घालून. ऑइल डॉट ४, नवीन बाटली. टाकी रिकामी होऊ दिली नाही. एक जण पेडल पंप करतो, दुसरा कॅलिपरवरचं निपल (हवा सोडायचा स्क्रू) उघडतो, अशीच एअर काढली.

वेणी_होस
रबरी होस (चाकापाशी ऑइल नेणारी लवचीक नळी) काढून स्टीलच्या जाळीचे होस घाला. रबर दाबाखाली फुगतं, पेडल मऊ लागतं. स्पर्धेच्या गाडीत पहिला बदल हाच करावा.

घाटवाट
चांगल्या रबरी होसमुळे पेडल स्पंजसारखं होत नाही, फार तर किंचित फरक पडतो. आधी दोष शोधा. पेडल नेमकं कसं वागतंय ते बघा:
पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) सील गेलंय. पहिल्या दाबात खोल जाऊन दुसऱ्या दाबात वर येत असेल आणि वर आल्यावर कडक असेल, तर मागचे ब्रेक शू (ड्रमच्या आतून घासणारे) सैल आहेत. दोन-तीनदा दाबल्यावर वर येतं पण तरीही रबराच्या चेंडूसारखं दबतं, तर हवा. खोल जातं पण शेवटी दगडासारखं कडक होतं, तर पिस्टन मोठा झालाय, त्याला जास्त ऑइल लागतं. उदाहरणार्थ ४८ मिमीचा पिस्टन ५४ चा झाला तर क्षेत्रफळ साधारण २७ टक्के वाढतं, पेडल तेवढं जास्त चालणारच.

लालदिवा_फोंडा
तिसरं. पंप केलं की वर येतं, पण चेंडूसारखं.

घाटवाट
मग होस क्लॅम्प करून बघा. गोल तोंडाचा होस क्लॅम्प घ्या, साधी पक्कड लावून रबर कापू नका. चारही रबरी होस दाबले आणि पेडल कडक झालं, तर मास्टर सिलिंडर ठीक. मग एकेक सोडत जा. ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल मऊ होईल, हवा तिथे.

पाना_चौदा
आणि वेगाने, तळापर्यंत पंप करू नका. जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन एरवी जिथे पोचत नाही तिथे गंज असतो, सील फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

कार्टवेडा
ऑटोक्रॉसआधी सराव हवा असेल तर कार्टिंग करा. भाड्याच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलला आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. स्टिअरिंग सरळ असतानाच ब्रेक मारायचा, नाहीतर मागचा भाग फिरतो. पायाला चांगलं वळण लागतं.

लालमाती
स्विफ्टला ते लागू नाही, तिथे पुढचा ब्रेक जास्त काम करतो. खरा प्रश्न असा की मातीवर मोठे कॅलिपर कशाला? मातीत टायरची पकडच कमी, मूळ ब्रेकसुद्धा चाक लॉक करू शकतो, म्हणजे चाक फिरायचं थांबून घसरतं. एबीएस नाही आणि पुढचा जोर वाढवला, तर पुढची चाकं आधी लॉक होऊन गाडी सरळ जाईल, वळणारच नाही.

वेणी_होस
लॅप लांब असेल तर मोठी डिस्क थंड राहते, तो फायदा आहेच.

लालमाती
मातीवरच्या ऑटोक्रॉसचा लॅप एवढा लांब नसतो. हे डांबरी ट्रॅकचं गणित झालं.

डिचोली_३
कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: आरसीवर नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही.

लालदिवा_फोंडा
क्लॅम्प करून बघितलं. चारही दाबल्यावर पेडल कडक. मागचे दोन सोडले तरी कडक. पुढचा कुठलाही सोडला की मऊ. दोन्ही बाजूंना सारखंच.

घाटवाट
दोन्ही बाजूंना सारखंच असेल तर एक सांगा. एअर काढायचं निपल कॅलिपरच्या वर आहे की खाली?

लालदिवा_फोंडा
खाली. होस वरच्या बाजूने जोडलाय, निपल खाली.

घाटवाट
कॅलिपर डावे-उजवे उलटे बसलेत. बोल्टची भोकं जुळतात म्हणून बसताना कळत नाही. हवा नेहमी पिस्टनमागच्या पोकळीत वर जाऊन बसते. निपल खाली असेल तर दहा लिटर ऑइल घातलं तरी खालून नुसतं ऑइलच निघणार, बुडबुडा वर तसाच.

म्हापसेकर
कॅलिपर सोडून निपल वर येईल असा हातात धरायचा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची फळी घालायची आणि एअर काढायची. पंधरा मिनिटांचं काम.

पाना_चौदा
हवा निघेल, पण तसंच सोडू नका. उलट्या बाजूला होस पीळ घेतो, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ताणतो किंवा टायरला घासतो. अदलाबदल हेच बरोबर काम. होसच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी नवीन तांब्याचे वॉशर घाला, जुने दबलेले असतात, गळतात. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. मग मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं या क्रमाने एअर काढा. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा.

लालदिवा_फोंडा
अदलाबदल केली. पुढच्या दोन्ही निपलमधून आधी फेसाळ ऑइल आलं, मग स्वच्छ. पेडल कडक झालंय, आधीच्या मूळ ब्रेकपेक्षा किंचित खोल जातं.

घाटवाट
तो खोलपणा मोठ्या पिस्टनचा. इंजिन चालू ठेवून पेडल दोन मिनिटं जोराने दाबून धरा आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. नंतर पॅड डिस्कला घासून जुळवून घ्या: मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ६० किमीवरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण न थांबता. लगेच गाडी उभी करून ब्रेक दाबून ठेवू नका, हँडब्रेकही नको. दहा मिनिटं हळू चालवून थंड करा. हे घाटात करू नका.

पाना_चौदा
आणि लालमातीचं म्हणणं मनावर घ्या. ओल्या मातीवर आधी तीस-चाळीसच्या वेगात बघा, पुढची चाकं किती लवकर लॉक होतात ते.

लालदिवा_फोंडा
बघतो. एक राहिलं, १४ इंची रिम कॅलिपरला फार जवळ आहे, हात फिरवून कळत नाही.

घाटवाट
मळलेल्या कणकेची छोटी गोळी कॅलिपरच्या सगळ्यात बाहेरच्या कोपऱ्यावर चिकटवा, चाक बसवून नट आवळा, एक फेरा हाताने फिरवा आणि चाक काढून कणकेची जाडी मोजा. ३ मिमीपेक्षा कमी असेल तर त्या रिमवर मातीत जाऊ नका, खडा अडकतो. १५ इंची रिमला १८५/६५ टायर घातलं तर बाहेरचा व्यास १६५/८०-१४ पेक्षा जेमतेम २ मिमीने वाढतो, स्पीडोमीटरला फरक पडत नाही.